कुत्रा आत, माणसं बाहेर आणि एसी बंद: ३० अँपच्या छोट्या ट्रेलरमधली दर उन्हाळ्याची तक्रार

तक्रार साधारण अशी असते. अमेरिकेतलं कॅम्पग्राउंड, १६ ते २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, छतावर १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे गार करण्याच्या ताकदीचं माप) एकच एसी. सकाळपासून एसी व्यवस्थित चालतो. कुत्र्याला किंवा मांजराला आत ठेवून मंडळी दोन तास बाहेर जातात. परत येऊन बघतात तर एसी बंद आणि आत भट्टी. पुन्हा चालू केला की मुकाट चालतो, संध्याकाळभर काही होत नाही. दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्यावर पुन्हा तेच.

यात योगायोग फार कमी असतो. लोक एसीवर संशय घेतात, मेकॅनिक शोधतात, पण बहुतेक वेळा एसी धडधाकट असतो आणि दोष असतो वीजपुरवठ्यात. त्यातही गंमत अशी की थोडासा जास्त लोड ब्रेकर लगेच पाडत नाही. तो आधी तापतो, अर्धा-पाऊण तास तग धरतो आणि मग पडतो. तोवर तुम्ही पार्किंगमधून बाहेर पडलेले असता.

परत आल्यावर आधी मायक्रोवेव्हचं घड्याळ बघा

काहीही चालू-बंद करण्याआधी हे बघायचं. कुत्र्याला बाहेर सावलीत काढा, पाणी द्या, आणि मग घड्याळाकडे नजर टाका. ते तीनपैकी एका अवस्थेत असेल.

काळं पडलं असेल तर वीज गेली आहे आणि अजून आलेली नाही. लुकलुकत असेल किंवा शून्य दाखवत असेल तर वीज गेली होती, परत आली, पण एसी स्वतःहून सुरू झाला नाही. वेळ बरोबर दाखवत असेल तर वीज गेलीच नव्हती. दोष एसी, त्याचा स्वतंत्र ब्रेकर किंवा थर्मोस्टॅट यांच्यापैकी कुठेतरी आहे.

मायक्रोवेव्हला घड्याळ नसेल तर भिंतीच्या प्लगवर चालणारं जुन्या पद्धतीचं लाल आकड्यांचं अलार्म घड्याळ बॅटरी न घालता लावून ठेवा. वीज परतली की अशी बहुतेक घड्याळं १२:०० पासून लुकलुकत मोजायला लागतात. त्यावर १:४० दिसलं तर वीज येऊन एक तास चाळीस मिनिटं झाली, एवढं नेमकं कळतं. याहून स्वस्त निदानयंत्र नाही.

घड्याळ काळं: ब्रेकर पडलाय, पण कुठला?

ब्रेकर दोन ठिकाणी असतात. एक साइटवरच्या, म्हणजे ट्रेलर लावायच्या जागेवरच्या विजेच्या खांबावर, म्हणजे पेडेस्टलवर ३० अँपचा. दुसरा ट्रेलरच्या आतल्या पॅनेलमध्ये: तिथे ३० अँपचा मेन आणि शेजारी छोटे ब्रेकर, त्यातला २० अँपचा एक फक्त एसीचा. कुठला पडलाय ते लिहून ठेवा, कारण प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. खांबावरचा किंवा आतला ३० अँपचा पडला तर एकूण लोड जास्त झाला, किंवा खांबावरचा ब्रेकर म्हातारा झालाय. एसीचा २० अँपचा पडला तर कंप्रेसर सुरू होताना अडतोय. त्या वेळी घड्याळ चालूच राहतं, म्हणून तो विषय पुढे घेऊ.

आता हिशेब. १२० व्होल्ट गुणिले ३० अँप म्हणजे ३६०० वॅट, पण तासन्‌तास चालणारा लोड ८० टक्क्यांच्या आत, म्हणजे २४ अँपच्या आत ठेवायचा असतो. १३,५०० बीटीयूचा एसी गरम दुपारी १३ अँपच्या आसपास खातो, १५,००० बीटीयूचा १५-१६. वॉटर हीटरचं विजेवर चालणारं एलिमेंट १४०० वॅटच्या घरातलं, म्हणजे १२ अँप. गॅस-वीज दोन्हींवर चालणारा फ्रिज विजेवर असला की ३ अँप. बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर बॅटरी भरलेली असताना एखादा अँप घेतो, पण रात्री वीज नसलेल्या जागी मुक्काम करून रिकामी बॅटरी घेऊन आला असाल तर ७-८ अँप घेतो. बेरीज करा: एसीचे १३, हीटरचे १२, फ्रिजचे ३ आणि बॅटरी अर्धवट भरलेली धरून कन्व्हर्टरचे ३, झाले ३१.

हे ३१ अँप म्हणजे नेमका सापळा. अमेरिकेतल्या ब्रेकरच्या प्रमाणानुसार ३० अँपचा ब्रेकर ४०.५ अँपवर तासाभराच्या आत आणि ६० अँपवर दोन मिनिटांत पडायलाच हवा. ३१ ते ३६ अँपवर तो केव्हा पडेल याची हमी नाही. सावलीतला नवा ब्रेकर दुपारभर धरेल. उन्हात तापलेल्या खांबावरचा, शेकडो वेळा पाडला-उचललेला ब्रेकर चाळीस मिनिटांत हात टेकेल.

आणि तुम्ही निघण्याआधी काय करता ते आठवा. अंघोळी, भांडी, मग दार लावून बाहेर. टाकीतलं गरम पाणी संपलेलं असतं, म्हणून तुमची पाठ फिरल्यावर हीटरचं एलिमेंट पूर्ण ताकदीने चालू होतं. त्याच वेळी ऊन चढतं आणि एसीला दम मिळत नाही. संध्याकाळी तुम्ही आत असता तेव्हा पाणी आधीच तापलेलं असतं, म्हणून काही घडत नाही. "आम्ही नसतानाच बंद पडतो" या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच निघतं.

उपाय फुकटचा आहे. वॉटर हीटरला दोन स्विच असतात, एक गॅसचा आणि एक विजेचा. प्राणी आत ठेवून जाताना विजेचा बंद. काही मॉडेलमध्ये एलिमेंटचा आणखी एक स्विच बाहेरच्या झाकणाआड असतो, तो विसरू नका. फ्रिज "ऑटो"वर असेल तर गॅसवर टाका. बॅटरी रिकामी असेल तर आधी तासभर चार्ज होऊ द्या. डीह्युमिडिफायर आणि केसांसाठी लावलेला एअर प्युरिफायर बंद. जाताना विजेवर फक्त एसी आणि कन्व्हर्टर राहिले पाहिजेत.

आपल्या घरांत यात भर पडते ती स्वयंपाकाची. चहाची इलेक्ट्रिक किटली १५०० वॅट, म्हणजे साडेबारा अँप. इंडक्शन शेगडी १८०० वॅट, पंधरा अँप. इन्स्टंट पॉटचा सहा क्वार्टचा (पावणेसहा लिटरच्या आसपासचा) नमुना १००० वॅट, आठ अँपहून थोडा जास्त. एसी चालू असताना यातली एक वस्तू चालेल, दोन नाही. आणि आई-बाबा भारतातून आलेले असतील, ते कुत्र्यासोबत ट्रेलरमध्येच थांबणार असतील, तर पडलेला ब्रेकर कसा उचलायचा हे त्यांना दाखवून ठेवा: आधी पूर्ण "ऑफ"कडे दाबायचा, मग "ऑन". मधोमध अडकलेला ब्रेकर नुसता वर ढकलून चालू होत नाही, आणि पुष्कळ जण तिथेच हरतात.

लोड कमी असूनही खांबावरचा ब्रेकर पडत असेल तर प्लग तपासा. कॅम्पग्राउंडवरच्या ३० अँपच्या सॉकेटचे हाल कोणी विचारू नयेत. रोज नवा पाहुणा, रोज ओढाताण. आतल्या पट्ट्या सैल होतात, सैल जोड तापतो आणि ती उष्णता ब्रेकरपर्यंत पोचते. एसी अर्धा तास चालल्यावर प्लगच्या प्लॅस्टिकच्या भागाला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर ब्रेकर पाडून प्लग काढा आणि पिना बघा. तपकिरी, निळसर किंवा खड्डे पडलेली पिन म्हणजे ते सॉकेट वापरायचं नाही, आणि तुमचा प्लगही बदलायचा. शेजारी ५० अँपचं सॉकेट असेल तर ५०-ते-३० अ‍ॅडॉप्टर लावून तिथून वीज घेता येते. तुमच्या पॅनेलमधला मेन ३० चाच असल्यामुळे केबलवर जास्त भार येत नाही. ५० ची सॉकेटं कमी वापरली जातात म्हणून बहुधा घट्ट असतात. ऑफिसात एकदा विचारा, कारण काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे असतात.

या अ‍ॅडॉप्टरला इथले लोक त्याच्या आकारावरून "डॉगबोन" म्हणतात. खऱ्या कुत्र्यापासून मात्र तो लांब ठेवा. कुरतडलेली केबल ही या विषयातली दुसरी जुनी तक्रार आहे.

घड्याळ लुकलुकतंय: वीज आली, एसी आला नाही

इथे दोन प्रश्न आहेत: वीज का गेली, आणि एसी परत का आला नाही. प्राण्याच्या दृष्टीने दुसरा जास्त महत्त्वाचा.

भिंतीवर डिजिटल थर्मोस्टॅट असलेले एसी बहुधा परत येतात. कारण थर्मोस्टॅट ट्रेलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालतो, त्याला १२० व्होल्ट गेल्याचा पत्ताही नसतो. पण बॅटरी मेलेली असेल किंवा बॅटरीचा मुख्य स्विच बंद असेल तर त्याची स्मृती जाते. छतावरच फिरवायची बटणं असलेले जुने एसीही परत येतात, बटण जिथे होतं तिथेच असतं. खरी अडचण नुसत्या रिमोटवर चालणाऱ्या, डक्ट नसलेल्या एसींची. त्यातले काही वीज परतल्यावर "बंद" अवस्थेत उठतात. छोट्या ट्रेलरमध्ये नेमके हेच जास्त दिसतात.

तुमचा कुठल्या जातीचा आहे ते माहितीपुस्तकावर विसंबून ठरवू नका, करून बघा. एसी गार करत असताना खांबावरचा ब्रेकर पाडा. पाच मिनिटं थांबा. उचला. आणखी पाच मिनिटं थांबा, कारण कंप्रेसर लगेच सुरू होऊ नये म्हणून त्यात दोन-तीन मिनिटांचा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. या वेळात एसी स्वतःहून, त्याच तापमानावर, गार हवा द्यायला लागला तर उत्तम. नाही लागला तर त्या एसीच्या भरवशावर प्राण्याला एकटं सोडायचं नाही, कंट्रोल बोर्ड किंवा थर्मोस्टॅट बदलेपर्यंत.

वीज का गेली याचं नेहमीचं कारण कमी व्होल्टेज. दुपारी तीन ते सात या वेळात सगळ्या साइटवरचे एसी एकदम चालतात, आणि जुन्या कॅम्पग्राउंडच्या तारा तेवढ्यासाठी टाकलेल्याच नसतात. तुमच्याकडे वीज-संरक्षक यंत्र असेल, ज्याला सगळे ईएमएस म्हणतात, तर ते साधारण १०४ व्होल्टच्या खाली वीज तोडतं आणि व्होल्टेज सुधारल्यावर थोड्या विलंबाने परत जोडतं. ते त्याचं काम करतंय. त्याच्यावर चिडून ते काढून टाकणं म्हणजे कंप्रेसर जाळायला बसणं.

आतल्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर कायम लावून ठेवा. एसी चालू असताना ११० च्या वर असेल तर ठीक. १०८ च्या आसपास रेंगाळत असेल तर साइट बदलून मागा, शक्यतो वीज जिथून येते त्या टोकाजवळची. व्होल्टेज दहा टक्के वाढवून देणारे ऑटोफॉर्मर मिळतात, पण ते जड आणि महाग आहेत. वारंवार एकाच जुनाट ठिकाणी जाणार असाल तरच त्यात पैसे घाला.

एक्स्टेंशन केबलचा घोळ वेगळाच. ५० फूट लांब, १६ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) बागकामाच्या केबलमध्ये १३ अँपला सुमारे ५ व्होल्ट गळतात. खांबावर ११२ असतील तर एसीला मिळतात १०७. शिवाय कंप्रेसर सुरू होताना क्षणभर पन्नास-साठ अँप ओढतो. त्या क्षणी वीसेक व्होल्ट जातात, मोटर फिरतच नाही, नुसती घुमते. तेवढ्याच लांबीच्या १० गेजच्या केबलमध्ये ही गळती सव्वा व्होल्टच्या आसपास. म्हणून १० गेजच, आणि गरजेपेक्षा लांब नको. गुंडाळलेली केबल तापते, ती मोकळी पसरून ठेवा.

न्यू जर्सीत किंवा ऑस्टिनला नातेवाइकांच्या ड्राइव्हवेत ट्रेलर लावला की हीच चूक घडते. गॅरेजचं सॉकेट १५ अँपचं, सतत चालवायची मर्यादा १२ अँप, आणि त्याच सर्किटवर गॅरेजमधला जादा फ्रिज. तिथे एसी चालेल असं धरूच नका; कुत्र्याला घरात न्या.

घड्याळ बरोबर, तरी आत उकाडा

आपल्याकडचा पहिला निष्कर्ष ठरलेला: गॅस संपला असेल, भरून घ्या. ट्रेलरच्या छतावरचा एसी हे घरच्या स्प्लिट एसीसारखं प्रकरण नाही. त्याची गॅसची नळी कारखान्यातच झाळून बंद केलेली असते, गॅस भरायची जोडणीच नसते. तो संपण्याची शक्यता कमी, आणि संपलाच तर बहुधा एसी बदलावा लागतो. म्हणून आधी साधी कारणं संपवा.

पहिलं कारण प्राण्याचे केस. छतावरची जाळी खाली उतरवा, आतला फोमचा तुकडा हातात घ्या. लॅब्रडॉर किंवा हस्की असेल तर चार दिवसांत त्यावर नमदा बसलेला असतो. हवा कमी झाली की आतली गार कॉइल शून्याखाली जाते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर गोठतं आणि बर्फाने उरलेली वाटही बंद होते. पंखा घुमतो, हवा येत नाही, थर्मोस्टॅटला आत गरम वाटतं म्हणून कंप्रेसर आणखी चालतो. बर्फ दिसला तर टोकरू नका, कॉइलचे पत्रे फाटतात. कंप्रेसर बंद, फक्त पंखा "हाय"वर, तास-दोन तास.

त्यानंतर फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा. केसाळ कुत्रा असेल तर दर दोन-तीन दिवसांनी. जास्तीचे फोमचे दोन तुकडे कापून ठेवले तर वाळायची वाट बघावी लागत नाही. बारीक गाळणारा महागडा फिल्टर इथे बसवू नका, तो हवाच अडवतो. कॉइलवर चिकटलेले केस मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने पत्र्यांच्या दिशेने, वरून खाली काढा. तापमान ६८ वर ठेवून जायचा मोह होतो. ७४ ते ७६ अंश फॅरनहाइट (२३-२४ सेल्सिअस) पुरे, पंखा "ऑटो" नव्हे, "हाय". कमी सेटिंगवर बर्फ लवकर धरतो.

जाळी उघडलीच आहे तर टॉर्च मारून आत बघा. गार हवा जिथून डक्टमध्ये जाते तो कप्पा आणि परतीची हवा जिथून वर जाते तो कप्पा यांच्यात एक पडदी असते. कारखान्यात ती बऱ्याचदा ढिसाळ बसवतात. फट असली की गार हवा खोलीत न येता सरळ परतीच्या वाटेला लागते: एसीला वाटतं काम झालं, आणि बर्फही धरतो. ॲल्युमिनियमची फॉइल टेप, कापडी डक्ट टेप नव्हे, घेऊन प्रत्येक फट बंद करा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि या सगळ्या यादीत मोबदला सर्वांत जास्त याचाच.

तपासणी थर्मामीटरने. एसी वीस मिनिटं चालल्यावर परतीच्या जाळीजवळचं आणि सर्वांत जवळच्या झरोक्यातलं तापमान मोजा. फरक १५ ते २२ अंश फॅरनहाइट असेल तर एसी निर्दोष. त्याहून कमी असेल आणि केस, बर्फ, फटी काही नसेल, तर छतावर चढून बाहेरची कॉइल बघा. कॉटनवूडच्या झाडाचा कापूस तिथे गच्च बसतो.

एसीचा २० अँपचा ब्रेकर पडलेला असेल, किंवा कंप्रेसर "हुंम्म" करून काही सेकंदांत खट्‌ होऊन थांबत असेल, तर कपॅसिटरवर, म्हणजे कंप्रेसरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या भागावर संशय घ्या. वीज पूर्ण तोडून, कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरवर मायक्रोफॅरड मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी भरला तर बदला. डिस्चार्ज म्हणजे काय हे माहीत नसेल तर हे काम दुसऱ्याला द्या, तो झटका वीज बंद असतानाही बसतो. कमी व्होल्टेजच्या ठिकाणी जाणं ठरलेलंच असेल तर सॉफ्ट स्टार्टर बसवणं चांगलं. त्याने सुरू होतानाचा झटका निम्म्याहून कमी होतो. चालू लोड मात्र तेवढाच राहतो. ३१ अँपच्या बेरजेवर तो उतारा नाही.

आणि हेही शक्य आहे की बंद करणारा प्राणीच होता. मांजर टेबलावरून थर्मोस्टॅटपर्यंत सहज पोचतं. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर पारदर्शक कुलुपी डबी बसवा आणि रिमोट ड्रॉवरमध्ये टाका.

सोडून जाण्याआधी

पहिल्या दिवशी कुठेही जाऊ नका. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान ट्रेलर अगदी तसा लावा जसा सोडून जाणार आहात: खिडक्या बंद, पडदे ओढलेले, हीटर-फ्रिज गॅसवर, पंखा हाय. आणि प्राण्याला घेऊन बाहेर खुर्ची टाकून तास-दीड तास बसा. आत सेन्सर ठेवा. तापमान ७८ च्या खाली स्थिर राहिलं, प्लग कोमट राहिला, व्होल्टमीटर ११० वर राहिला, तरच दुसऱ्या दिवशीचा बेत करा. छतावरचा एसी बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंश फॅरनहाइट खाली नेतो असा ढोबळ हिशेब आहे. बाहेर १०५ असेल तर काहीही न बिघडतासुद्धा आत ८५ होऊ शकतं.

उन्हाला आधी अडवणं एसीपेक्षा स्वस्त. झाडं ट्रेलरच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला असलेली साइट मागा. छतावरच्या १४ बाय १४ इंची झरोक्यात फोमची उशी ठासा, खिडक्यांना चकचकीत बबल-फॉइल लावा. ऑनिंग, म्हणजे दाराबाहेरचं गुंडाळतं कापडी छत, उघडी ठेवून जाऊ नका, वाऱ्याने मोडते.

सूचना देणारा मॉनिटर असा हवा की ज्याला ट्रेलरच्या विजेची गरज नाही. वाय-फायवर चालणारे स्वस्त सेन्सर वीज गेली की राउटरसोबतच मरतात, म्हणजे नेमक्या हव्या त्या क्षणी गप्प. स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं मोबाइल नेटवर्क असलेला घ्या, वॅगलसारखा. सेन्सर प्राण्याच्या उंचीवर, उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवा. धोक्याची रेषा ८० अंश फॅरनहाइटवर (सुमारे २७ सेल्सिअस), आणि वीज गेल्याची सूचना वेगळी चालू करा, कारण ती तापमान चढण्याआधी येते. मग स्वतः ब्रेकर पाडून बघा, फोनवर सूचना किती मिनिटांत येते ते मोजा. आणि तुम्ही जिथे जाणार तिथे तुमच्या फोनला सिग्नल आहे का? पश्चिमेकडच्या बऱ्याच नॅशनल पार्कांमध्ये ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट जिथून सुरू होते तिथे नसतो. सूचना मिळून पंधरा-वीस मिनिटांत परतता येणार नसेल तर मॉनिटर हे नुसतं खेळणं आहे.

थर्मोस्टॅट असलेला १२ व्होल्टचा छतावरचा पंखा ८० अंशांवर आपोआप चालू होईल असा लावता येतो. तो तासाला दोन-तीन अँप-तास खातो, साध्या बॅटरीवर रात्रभर चालेल. काही मॉडेलचं झाकण आपोआप उघडत नाही, ते बघून घ्या, आणि लांबच्या टोकाची एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. पण पंखा आतली हवा बाहेरच्याइतकीच करतो. बाहेर ९५ असेल तर तो फक्त तुम्हाला पोचायला थोडा वेळ मिळवून देतो.

जनरेटरच्या भरवशावर प्राण्याला सोडणं आम्हाला मान्य नाही. २२०० वॅटचा होंडा सततचे १८०० वॅटच देतो आणि त्या लोडवर त्याची टाकी ३.२ तासांत संपते. उंचीवर ताकद आणखी घटते, आणि वारा फिरला तर धूर आत येतो.

दाराच्या काचेत ठळक कागद लावा: आत कुत्रा आहे, एसी चालू आहे, फोन नंबर अमुक. शेजारी बाहेर दिसेल असा मोठ्या आकड्यांचा थर्मामीटर. कॅम्पग्राउंडच्या होस्टला सांगून ठेवा की ब्रेकर पडलेला दिसला तर उचलायला आमची हरकत नाही.

कुठे ठेवूच नये

नियम आधी वाचा. नॅशनल पार्कमध्ये पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही, प्राण्याला बांधून एकटं सोडणं मना आहे, आणि ट्रेलरमध्ये एकटं ठेवण्याबद्दल प्रत्येक कॅम्पग्राउंडचा वेगळा नियम असतो. युटामधल्या झायन नॅशनल पार्कमध्ये कुत्र्यांना फक्त पारूस ट्रेल खुला आहे आणि शटल बसमध्ये प्रवेश नाही, म्हणून लोक त्यांना ट्रेलरमध्ये ठेवतात. तिथल्या वॉचमन कॅम्पग्राउंडवर विजेच्या साइट आहेत, जनरेटरला बंदी आहे, आणि उन्हाळ्यात दरीत पारा शंभरीपार जातो. जुलैमध्ये तिथे कुत्र्याला दिवसभर सांभाळणारी खासगी जागा आधी ठरवा, नाहीतर आळीपाळीने फिरा. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम सुमारे ७,००० फुटांवर, त्यामुळे बराच गार; तिथल्या ट्रेलर व्हिलेज या कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाणी आहे, रिमवरच्या ट्रेलवर पट्ट्याने कुत्रा नेता येतो (खाली दरीत नाही), आणि पार्कमध्येच केनल, म्हणजे प्राणी सांभाळायची जागा आहे. लसीकरणाचे कागद सोबत लागतात. दोन्ही पार्क एकाच सहलीत असतील तर लांबचे ट्रेक ग्रँड कॅन्यनसाठी राखा.

पग, बुलडॉग, शिट्झू, पर्शियन मांजर, म्हातारे आणि लठ्ठ प्राणी यांना बाहेर ९० च्या वर असताना एकटं ठेवूच नका, एसी कितीही नवा असो.

उशीर झालाच तर

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. जोराची धाप, घट्ट लाळ, लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी ही उष्माघाताची लक्षणं. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तेवढंच पुरेसं आहे. आधी गार करा, मग गाडीत घाला. नळाचं गार पाणी अंगभर ओता, विशेषतः पोट आणि जांघा, आणि पंखा मारा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो. पाणी पुढ्यात ठेवा, जबरदस्तीने पाजू नका. गुदद्वारातून घेतलेलं तापमान १०३.५ ला आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते खाली घसरत राहतं. वाटेत गाडीचा एसी पूर्ण चालू ठेवा आणि दवाखान्याला आधी फोन करा. प्राणी उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखाना टाळू नका. मूत्रपिंडाची आणि रक्त गोठण्याची बिघाडं पुढच्या दोन-तीन दिवसांत वर येतात, आणि ती रक्ततपासणीशिवाय कळत नाहीत.